गच्चीवरचं सगळं

आमच्या घरात उघडं असं काही राहत नाही. दुधावर झाकण, झाकणावर फडकं. पाण्याच्या पिंपावर ताट. टीव्हीला उशीचा अभ्रा घातलेला, सोफ्यावर जुन्या चादरी, आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा आणखी एक कपडा, जो स्वतः कधीच स्वच्छ वाळत नाही. पाहुणे येणार असले की सासूबाई पाच मिनिटांत सगळी आवरणं काढतात, वस्तूंवरून एकदा फडकं फिरवतात, आणि पाहुण्यांची पाठ वळली की पुन्हा घालतात. माझा नवरा म्हणतो, "एक दिवस दुपारी जरा डोळा लागला तर आई मलाही झाकून ठेवेल." सासूबाईंना हा विनोद आवडत नाही. मलाही नाही.

हे सगळं मक्याच्या कारखान्यामुळे. आमच्या गच्चीवरून तो सरळ समोर दिसतो. मध्ये फक्त रस्ता, एक मोकळं मैदान आणि कारखान्याची भिंत. शेतांतून ओला मका येतो, तो उंच पत्र्याच्या मनोऱ्यात गरम हवेने वाळवतात, आणि त्या हवेबरोबर दाण्याच्या टोकाची पातळ साल उडून बाहेर पडते. नखाएवढी, गुलाबी, फुंकरीने उडेल अशी. आम्ही त्यांना पापुद्रे म्हणतो. लांबून आलेल्या माणसाला ते दृश्य सुंदर वाटतं. लग्न होऊन आले तेव्हा मीही फोटो काढला होता. पण पापुद्रे निदान दिसतात, झाडून टाकता येतात. त्यांच्यासोबत पिठासारखी बारीक धूळ येते ती दिसत नाही. ती कुठे जाते ते मला चिमीच्या छातीला कान लावला की ऐकू येतं.

चिमी माझी लेक, चार वर्षांची. हंगाम सुरू झाला की तिच्या श्वासात एक बारीक शिट्टी शिरते. आधी पळताना, मग बोलताना, मग झोपेत. मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाले, त्यामुळे मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. ती झोपली की घड्याळ समोर धरून तिची छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजते. तीसच्या आत असेल तर माझ्या घशाखाली घास उतरतो. चाळीसच्या पुढे गेलं की दारामागची इस्पितळाची पिशवी उचलायची. हंगामाचे अडीच महिने ती भरलेलीच असते.

माझा नवरा त्याच कारखान्यात वजनकाट्यावर आहे. फाटकातून आत येणारं प्रत्येक वाहन आधी त्याच्यासमोर थांबतं. त्याने एकदा जेवताना सहज सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर त्याला वाटलं असावं की नसतं सांगितलं तर बरं. कारखान्यात धूळ पकडायच्या कापडी पिशव्या आहेत, माणसाच्या उंचीच्या, रांगेने टांगलेल्या. पण त्यांतून हवा जोर लावून जाते, मका हळू वाळतो, बाहेर ट्रॅक्टरची रांग वाढते. म्हणून हंगामात बाजूची एक झडप उघडी ठेवतात, की हवा पिशव्यांना वळसा घालून थेट आभाळात. प्रदूषण मंडळाची गाडी फाटकाशी आली की वजनकाट्यावरून आत फोन जातो आणि झडप बंद होते.

"फोन कोण करतं?" मी विचारलं.

"जो काट्यावर असेल तो."

"म्हणजे तू."

"जेव ना," तो म्हणाला.

त्यानंतर मी समोरच्या शिवणवाल्या ताईकडे गेले. तिची घरातच दोन मशिनं आहेत. हंगामात ती पांढरं कापड शिवायला घेत नाही, कारण सुई खालून वर येईपर्यंत ते पांढरं राहत नाही. तक्रारीचा अर्ज मी लिहिला आणि आम्ही दोघी दारोदार फिरलो. एकसष्ट सह्या झाल्या. कारखान्यात नोकरीला असलेल्यांच्या घरांतूनही झाल्या, फक्त बायकांच्या.

"तुझ्या नवऱ्याची घ्यायची का?" ताई हसत म्हणाली. "मोठ्या अक्षरात, अगदी वरती?"

"घे. आणि उद्यापासून त्याला तुझ्याकडे बटणं लावायला ठेवून घे."

"नको बाई. तो वजन करूनच बटणं लावायचा."

त्या दिवसांत आम्ही खूप हसत होतो, हे आता आठवलं की नवल वाटतं.

मंडळाच्या मॅडम आल्या त्या आधी आमच्याकडे आल्या, कारखान्यात नंतर. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, बोलायला सरळ. त्यांनी मला समजावून सांगितलं. कारखान्याने दुसऱ्या मनोऱ्यासाठी परवानगी मागितलेली आहे. तक्रार आली आहे म्हणून निर्णयाआधी वस्तीतली हवा मोजायची. तीन दिवस, चोवीस तास. "अचानक भेटीत काय होतं ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, "मी काही काल नोकरीला लागलेली नाही. पण तीन दिवस सलग, ऐन हंगामात, कोणाला काही बंद ठेवता येणार नाही. मर्यादेच्या वर आकडा आला तर दुसरा मनोरा होणार नाही आणि पहिल्याची झडप मी स्वतः उभी राहून वेल्ड करून घेईन. खाली आला, तर माझे हात बांधलेले. मग तुमच्या एकसष्ट सह्यांचा मला उपयोग नाही."

वाऱ्याची दिशा बघून त्यांनी आमचीच गच्ची निवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला यंत्र आलं. घेऊन आलेल्या गृहस्थांना चिमी लगेच यंत्रवाले काका म्हणायला लागली. पिकलेल्या मिशा, काखेत चहाचा थर्मास, कोणी चहा विचारला तर थर्मास दाखवायचे. यंत्र म्हणजे चार पायांवर उभी पत्र्याची पेटी, वर पक्ष्याच्या घरट्याला असतं तसं छोटं छप्पर, आणि छपराखाली हवा ओढून घेणारी फट. आत बशीएवढा गोल पांढरा कागद. "याचं आधी वजन केलंय," ते चिमीला म्हणाले. "उद्या काढून परत करायचं. मधला जो फरक तो तुझ्या पोटात जातो."

घर सासूबाईंच्या नावावर, म्हणून ताब्याच्या कागदावर सही त्यांची. त्यांनी चष्मा पुसला, पेन हातात धरून बसल्या.

"आणि हे बिघडलं तर?"

"सरकारी वस्तू आहे, आजी. काळजी घ्या म्हणजे झालं."

"पण बिघडलंच तर?"

"तर सही तुमची आहे ना," काका हसून म्हणाले.

त्यांनी ते गमतीत म्हटलं होतं. सासूबाईंनी सही केली ती मात्र गमतीत नव्हती.

मी चिमीला उचलून यंत्राची फट दाखवली. सांगितलं, हे यंत्र आपल्यासारखाच श्वास घेतं, तीन दिवसांत आपण काय काय आत घेतो ते सगळं त्या कागदावर उमटेल. चिमीने फटीजवळ तोंड नेऊन विचारलं, "याला पण शिट्टी वाजते का?" सासूबाई मागेच गाद्या उन्हात घालत होत्या. त्यांना मी वेगळं काही सांगितलं नाही. ऐकलं असेल असं धरून चालले.

त्याच दुपारी चिमीचे श्वास शेहेचाळीस झाले.

इस्पितळ तालुक्याला, बसने तासाभराच्या वाटेवर. तिथल्या बालविभागात हंगामात कोपऱ्यातली खाट मिळते ती नशिबाने. मुखवट्यातून वाफेचं औषध, दर चार तासांनी. मी तिच्या बरगड्यांमधली कातडी बघत बसायचे. आत ओढली जातेय, अजून ओढली जातेय, जरा कमी. नवरा संध्याकाळी येऊन, खाटेच्या लोखंडाला धरून उभा राहायचा आणि शेवटच्या बसने परत जायचा. काट्यावर त्याच्या जागी दुसरं कोणी नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी मी घरी फोन केला.

"आई, परवा-तेरवा सोडतील म्हणतात. ती आली की घरात कणभर धूळ नको हं."

"आता ते तू मला सांगणार?"

"तसं नाही. गाद्या वर आहेत, टाकी आहे, तिची खेळणी आहेत. गच्चीवरचं सगळं नीट झाकून ठेवा."

"सगळं ना?"

"हो, सगळं."

तेवढ्यात नर्सने हाक मारली आणि मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन त्यांचाच आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "ते यंत्रवाले आले होते कागद बदलायला. म्हणाले, आजी, वीस वर्षं हे काम करतोय, इतकं स्वच्छ ठेवलेलं यंत्र कुठल्याच घरी बघितलं नाही. घरच्या वस्तूसारखी काळजी घेतलीत म्हणाले."

"वा, आई."

"बिचारं एकसारखं घुरघुरत असतं गं. धाप लागल्यासारखं. मी मधूनमधून जाऊन बघून येते."

मी हसले. चिमीच्या मुखवट्यावर वाफ धरत होती आणि विरत होती, माझं सगळं लक्ष तिथे. मला डोळे आहेत, कान आहेत, पदवी आहे. त्या बोलल्या त्यातला प्रत्येक शब्द मी ऐकला आणि एकही ऐकला नाही.

चौथ्या दिवशी आम्ही परत आलो. यंत्र गेलेलं होतं. गच्ची लख्ख झाडलेली, आणि दोरीवर सासूबाईंची पिवळी फुलाफुलांची मऊ चादर धुऊन वाळत घातलेली, तिला साबणाचा वास. ती चादर जुनी आहे, काठ विरले तेव्हा शिवणवाल्या ताईनेच तिला टीप मारून दिली होती. अजूनही तिची पिवळी लव सुटते, सोफ्यावर बसलं की कपड्यांना चिकटते. मला एवढंच वाटलं, घर किती स्वच्छ आहे.

सुनावणी तीन आठवड्यांनी, सकाळी अकराला, गावच्या सभागृहात. प्लास्टिकच्या खुर्च्या, मंचावर टेबल, टेबलामागे मॅडम आणि कारखान्याचे मॅनेजर साहेब, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. कारखान्याने कामगारांना ट्रकमधून आणून मागे उभं केलं होतं. त्यांत माझा नवरा. पुढच्या रांगेत मी, शिवणवाली ताई, आणि आमच्या मधोमध सासूबाई, ठेवणीतली साडी नेसून. यंत्र त्यांच्या ताब्यात होतं म्हणून त्यांनीच यायचा हट्ट धरला होता. येताना वाटेत भेटलेल्या दोघींना सांगून झालं होतं की वीस वर्षांत असं यंत्र कोणी ठेवलं नाही.

मॅडमनी कागद वाचला. मर्यादा शंभर. पहिला दिवस अडतीस. दुसरा एकेचाळीस. तिसरा छत्तीस.

मला वाटलं त्या चुकून दुसऱ्याच गावाचा कागद वाचताहेत.

"शक्य नाही," मी उभी राहून म्हणाले. "मॅडम, त्याच तीन दिवसांत माझी मुलगी इस्पितळात होती."

"मुलं आजारी पडतात," मॅनेजर साहेब म्हणाले. उद्धटपणे नाही, अगदी सहानुभूतीने. "आम्हालाही वाईट वाटतं. पण आकड्याला काही बाजू नसते ना, ताई."

"कागद बघायचेत मला. यंत्रातले."

मॅडमनी हरकत घेतली नाही. तिन्ही गोल कागद पारदर्शक पाकिटांत होते. एक माझ्या हातात आलं, एक ताईच्या. माझा कागद फिकट करडा होता. आमच्या घरातलं कुठलंही फडकं एका सकाळीत याहून काळं होतं. ताई तिचं पाकीट घेऊन खिडकीपाशी गेली, उजेडात धरलं, डोळे बारीक केले. ती दिवसभर सुईच्या नाकात दोरा ओवते, तिला जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही.

ती परत येऊन माझ्या कानाशी वाकली. "कडेला बघ. लव आहे. पिवळी."

मी बघितलं. माझ्या कागदावरही होती. केसाएवढे दोन धागे, हळदीच्या रंगाचे.

मी सासूबाईंकडे वळले, आणि जमेल तितक्या हळू विचारलं, "आई, तुम्ही यंत्रावर चादर घातली होती का?"

"म्हणजे काय," त्या तितक्याच हळू, खुशीत म्हणाल्या. "तूच सांगितलंस ना, सगळं झाक म्हणून. तिन्ही दिवस. ते यंत्रवाले यायच्या आधी काढायची, यंत्रावरून एकदा फडकं फिरवायचं. कागदावर सही आहे माझी."

ताईने माझं मनगट धरलं. "बोलू नकोस," ती ओठांतच म्हणाली. "आपणच झाकलं म्हटलं तर आपणच चोर."

मला कळत होतं. न बोलले तर आकडे अडतीस, एकेचाळीस, छत्तीस, आणि दुसरा मनोरा उभा. बोलले तर यंत्राला हात लावल्याचा ठपका आमच्याच घरावर, सही सासूबाईंची, आणि मागे भिंतीला टेकून उभा असलेला माझा नवरा त्याच कारखान्यातला. एकसष्ट घरं काय म्हणतील ते मला खुर्चीत बसल्या बसल्या ऐकू येत होतं. पण एक गोष्ट बोलण्याने नक्की होणार होती. ते तीन आकडे खोटे ठरणार होते. मी हात वर केला.

"मॅडम, यंत्र झाकलेलं होतं. आमच्याच घरून. मी इस्पितळातून फोन करून सांगितलं, गच्चीवरचं सगळं झाकून ठेवा. त्यात ते झाकलं गेलं."

मॅडमनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. "कशाने?"

"चादरीने."

मागे कोणीतरी हसलं. मॅनेजर साहेब पुढे वाकले. "मला नीट समजू द्या. यंत्र झाकलं ते कारखान्याने नाही?"

"नाही."

"तक्रारदाराने."

"हो. पण त्या चादरीवर तीन दिवसांची धूळ होती, यंत्रात जायची ती तिच्यावरच अडकली. तीच खरी—"

"मग आणा ना चादर," ते म्हणाले. "करू आपण वजन. तुमचे यजमान वजनातले तज्ज्ञ आहेतच."

आता सगळेच हसले. कामगारसुद्धा. माझ्या नवऱ्याने मान खाली घातली.

"धुतली," मी म्हणाले.

"काय?"

"चादर. धुतली."

हे म्हटल्यावर जो हशा पिकला तो बराच वेळ थांबला नाही. त्या हसण्यात सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांना अजून नीट उलगडलं नव्हतं, उलगडत होतं. आधी मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"झाकायचं नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"अगं, मग मला कोणी सांगितलं का नाही? काळजी घ्या म्हणाले. घेतली. आणखी कशी घेतात?"

मॅडमनी मान खाली घालून बराच वेळ लिहिलं. त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी मला नियम वाचून दाखवला तेव्हा कागदावरून नजर वर केली नाही, एवढंच. तक्रारदाराच्या ताब्यात असताना उपकरणात हस्तक्षेप झाल्यामुळे मोजणी रद्द. हंगाम संपायला पंधरा दिवस उरले आहेत, यंत्र त्या वेळेत दुसरीकडे दिलेलं, त्यामुळे फेरमोजणी पुढच्या हंगामात. तोपर्यंत कारखान्याच्या स्वतःच्या अहवालाच्या आधारे दुसऱ्या मनोऱ्याला एका वर्षाची तात्पुरती परवानगी. हस्तक्षेप हेतुपुरस्सर नव्हता, म्हणून कारवाई नाही.

"तात्पुरती," त्या मला म्हणाल्या, जणू त्या शब्दात माझ्यासाठी काही ठेवलं होतं.

लोक उठले. मॅनेजर साहेब मंचावरून उतरून थेट मागे गेले आणि सगळ्यांच्या देखत माझ्या नवऱ्याशी हात मिळवला. "घरच्यांना धन्यवाद सांग," ते म्हणाले. मोठ्याने. त्यांनी ते मुद्दाम केलं की सहज, मला आजही सांगता येणार नाही. पण सभागृहातल्या प्रत्येकाने ते बघितलं, आणि ताईने बघितलं. माझं मनगट तिने अजून धरलेलं होतं. ते तिने सोडलं.

नवऱ्याला घरी आल्यावर मी विचारलं, "तू हात का दिलास?"

"त्यांनी पुढे केला."

"आणि तू दिलास."

"काय करायला हवं होतं मी? सांग. मागे घ्यायचा?" तो पायातले बूट न काढताच पायरीवर बसला होता. "सगळ्यांना वाटतंय मीच सांगितलं तुम्हाला झाकायला. कारखान्यातल्या पोरांनी पाठ थोपटली माझी. पाठ थोपटली." मग एक बूट काढत तो म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं गं. चादर मी बघितली होती. आई काहीतरी झाकतेय, यात बघण्यासारखं काय आहे?"

ते मात्र खरं होतं.

गल्लीत आता आमच्याशी कोणी भांडत नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी दळण घेऊन निघाले की दारातलं बोलणं थांबतं, मी पुढे गेले की सुरू होतं. ताईकडे चिमीचा फ्रॉक शिवायला होता, तो तिने शिवून, इस्त्री करून, दारात आणून दिला. आत आली नाही. "मला माहीत आहे तुझी चूक नाही," ती म्हणाली. "पण सह्या घ्यायला लोकांच्या दारात मी उभी राहिले होते." मी फ्रॉक उलटून बघितला. शिलाई चांगली होती. काठाला दुहेरी टीप होती.

मैदानात दुसऱ्या मनोऱ्याचा पाया खणायला सुरुवात झाली आहे.

आणि सासूबाईंनी झाकायचं सोडलं. एकाच दिवसात, न सांगता. दूध उघडं राहायला लागलं, त्याच्या सायीवर गुलाबी पापुद्रा. टीव्हीचा अभ्रा निघाला. सोफ्यावर बोट फिरवलं की रेघ उमटायची. मी मागे मागे फिरून सगळं झाकत राहिले. एकदा चिमीनेच ताटली उचलून पिंपावर ठेवली आणि म्हणाली, "आजी, तू विसरलीस." सासूबाई म्हणाल्या, "हो गं बाळा. माझ्यावर आता काही सोडू नका."

मी त्यांना निदान शंभर वेळा सांगितलं असेल की चूक माझी. मी सांगितलं म्हणून तुम्ही झाकलं. यंत्र काय करतं ते मी चार वर्षांच्या पोरीला समजावलं आणि तुम्हाला नाही. त्या ऐकून घेतात, मान हलवतात, आणि एकच विचारतात, "घुरघुरत होतं गं ते. मला कळायला नको होतं?"

हंगामाचे आठ-नऊ दिवस उरले असताना एका सकाळी त्या गच्चीवर खूप वेळ होत्या. मी वर गेले. त्यांनी कपाटातली नवी पांढरी चादर काढली होती, घडी कधी न मोडलेली. ती गच्चीच्या मधोमध पसरून चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या होत्या.

"ही कोणी धुवायची नाही," त्या म्हणाल्या. "तूसुद्धा नाही."

"आई, मंडळ चादर घेत नाही. त्यांचं यंत्रच लागतं."

"नसू दे घेत."

पहिल्या दिवशी तिच्यावर पापुद्रे विखुरले. तिसऱ्या दिवशी पांढरं शोधावं लागत होतं. सातव्या दिवशी ती गुलाबीही राहिली नाही, मातकट आणि जड झाली, वाऱ्याने हलेना. सासूबाई रोज वर जाऊन तिच्याजवळ उभ्या राहायच्या. ज्या बाईने आयुष्यात डाग पडलेला कपडा संध्याकाळपर्यंत तसा ठेवला नाही, ती दोन्ही हात पाठीमागे धरून उभी. आठव्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांच्या शेजारी पाण्याने भरलेली बादली होती. साबणही होता. त्या बसल्या होत्या आणि पाण्याला हात लावलेला नव्हता.

"पुढच्या हंगामाला किती महिने?" त्यांनी विचारलं.

"साडेनऊ."

त्यांनी बादली माझ्याकडे सरकवली. "घेऊन जा ही खाली."

मी बादली उचलली. तेवढ्यात खालून चिमीचा खोकला सुरू झाला. नेहमी आम्ही दोघी एकदम धावतो. त्या दिवशी का कोण जाणे, दोघी जिथल्या तिथे थांबलो, खाली कान देऊन. एक साधा खोकला असतो, तो मोजावा लागत नाही, सातव्या-आठव्या ठसक्याला आपोआप थांबतो.

नववा ठसका आला. दहावा आला. मी बादली तिथेच ठेवली आणि जिन्याकडे धावले.